नवीन फोर-के टीव्ही, तरी चित्र पुसट आणि पावसात फुटतं: दोष सिग्नलचा, केबलचा की टीव्हीचा?

हॉलमधली_खिडकी:

नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला आनंदनगर भागात सात मजली इमारत, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. डीटीएचची डिश गच्चीवर आहे, केबल डक्टमधून खाली येते, अंदाजे ३० मीटर. ३२ इंची जुना टीव्ही काढून नुकताच ५५ इंची फोर-के लावला. तीन तक्रारी आहेत.

साधे एसडी चॅनेल पुसट दिसतात. बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं फिसकटलेली वाटतात.

एचडी चॅनेल एरवी छान, पण पावसाने जोर धरला की चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि शेवटी 'सिग्नल नाही' अशी पाटी येते.

तिसरं, स्ट्रीमिंगचा वेगळा बॉक्स आहे. त्यावर फोर-के काही लावलं की मधूनच पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो.

डिशवाल्याने टीव्हीमागे एक छोटा अॅम्प्लिफायर जोडून दिला. सिग्नलचा आकडा वाढला, चित्रात काहीच फरक नाही. दुकानदाराचं म्हणणं, बॉक्स टीव्हीला जोडणारी एचडीएमआय केबल महागातली घेतली की सगळंच सुधारेल. नक्की कुठून सुरुवात करावी?

ओळंबा:

ताई, ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची जागा वेगळी आहे. एका औषधाने तिन्ही बरी होणार नाहीत.

आपल्याकडे गोंधळ होतो तो अँटिनाच्या सवयीमुळे. १९७३ पासून सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यात दूरदर्शन दिसायचं, तेव्हा सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या. टेकडीवरून किंवा इमारतीवरून लाट परतून आली की माणसाशेजारी त्याची फिकी सावली दिसायची. म्हणजे सिग्नल जेवढा खराब, चित्र तेवढं खराब. डिजिटलमध्ये हे नातं तुटलं. डिश किंवा डिजिटल केबलवरून येतात ते आकडे, आणि त्यांच्यासोबत चूक दुरुस्त करणारे जादा आकडेही येतात. चुका ठरावीक मर्यादेच्या आत असतील तर बॉक्स त्या पूर्ण दुरुस्त करतो आणि चित्र जसं पाठवलं तसंच दिसतं. मर्यादा ओलांडली की एकदम चौकोन, आवाजात टकटक, मग पडदा रिकामा. मधली पायरी जवळजवळ नाहीच.

म्हणून डिजिटल सिग्नल कमी पडला की चित्र फुटतं, ते पुसट किंवा फिकं होत नाही. तुमचे एसडी चॅनेल पुसट दिसतात त्यात डिशचा काही दोष नाही. पावसात एचडी फुटतं तो मात्र शंभर टक्के डिश-केबलचा मामला. आणि पांढरे ठिपके एचडीएमआयचे.

आता आकडे द्या. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं, त्यात 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी' अशा दोन पट्ट्या असतात. कोरड्या हवेत, चार-पाच वेगवेगळ्या चॅनेलवर दोन्ही आकडे लिहून घ्या. केबलला मध्ये कुठे जोड आहे का आणि भिंतीतल्या टीव्ही सॉकेटमधून आली आहे का, तेही बघा.

हॉलमधली_खिडकी:

आज आकाश मोकळं आहे. तीन एचडी चॅनेलवर स्ट्रेंग्थ ८८, क्वालिटी ४१. दोन एसडीवर स्ट्रेंग्थ ९०, क्वालिटी ४६. अॅम्प्लिफायर जोडलेलाच आहे. डक्टमधून केबल पॅसेजमध्ये येते तिथे एक जॉइनर आहे, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, ती सुटत आली आहे. तिथून बिल्डरने भिंतीत टाकलेल्या केबलला जोडून हॉलच्या स्विचबोर्डातल्या टीव्ही सॉकेटमधून बाहेर काढली आहे. मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं होतं, याचा काही संबंध असेल का?

ओळंबा:

संबंध असण्याची शक्यता खूप आहे. वॉटरप्रूफिंगच्या वेळी कामगार डिशचा पाय उचलून बाजूला ठेवतात आणि काम झालं की नजरेच्या अंदाजाने परत ठेवतात. चित्र दिसलं की सगळ्यांना वाटतं काम झालं.

आधी त्या दोन पट्ट्यांबद्दल. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून एकूण किती शक्ती आली, त्यात सिग्नलही आला आणि गोंगाटही. क्वालिटी म्हणजे त्या गोंगाटातून सिग्नल किती स्वच्छ निघतो. बाजारात माणसं ओरडत असताना तुमच्याशी बोलणाऱ्याचा एकेक शब्द कळतो का, ती क्वालिटी. अॅम्प्लिफायर दोन्ही सारखेच मोठे करतो, वर स्वतःचा थोडा गोंगाट घालतो. म्हणून स्ट्रेंग्थ ८८ वर गेली आणि क्वालिटी ४१ वरच राहिली. तुमचा अॅम्प्लिफायर तर केबलच्या शेवटी, टीव्हीमागे आहे. वाटेत जेवढं बिघडायचं तेवढं बिघडल्यावर तो मोठं करतो. तो काढून टाका.

(हे आकडे टक्क्यांसारखे दिसतात, पण प्रत्येक कंपनीचा बॉक्स ते आपल्या हिशेबाने दाखवतो. शेजाऱ्यांच्या वेगळ्या कंपनीच्या बॉक्सशी तुलना करू नका. आपल्याच बॉक्सवर आधी किती आणि नंतर किती, एवढंच बघायचं.)

डिश सरकण्याचं गणित समजून घ्या, कारण सगळं त्यावर आहे. आपल्या डीटीएचच्या लाटा ११ ते १२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास, लांबी सुमारे अडीच सेंटीमीटर. ६० सेंटीमीटरच्या डिशची नजर या लाटेला साधारण तीन अंश रुंद असते. अर्धा अंश सरकली तर नुकसान जवळपास नाही. दीड अंश सरकली की शक्ती निम्मी. आणि दीड अंश म्हणजे किती? डिशचा काठ मधल्या बिंदूपासून ३० सेंटीमीटरवर असतो, तो जेमतेम ८ मिलिमीटर हलला की झालं! करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्यांना हे दिसत नाही. कोरड्या हवेत निम्म्या शक्तीवरही चित्र स्वच्छच राहतं, कारण बॉक्स चुका दुरुस्त करतो. पण पावसासाठी जी शिल्लक ठेवायची असते ती संपलेली असते. अडीच सेंटीमीटरच्या लाटेला पावसाचे टपोरे थेंब शोषतात आणि विखुरतात, त्यात डिशच्या पत्र्यावर आणि एलएनबीच्या (डिशसमोरच्या हातावर बसवलेल्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) टोपीवर पाण्याचा थर बसतो. नीट लावलेली डिश पुण्याच्या रोजच्या पावसात टिकते आणि ढगफुटीसारख्या सरीत पाच-दहा मिनिटं जाते. साध्या पावसात चित्र जात असेल तर डिश किंवा केबल आजारी आहे, पावसाला दोष देऊ नये.

आता वर जाऊन काय करायचं. पाऊस थांबल्यावर आणि गच्ची वाळल्यावरच जा. शेवाळावर पाय सरकतो आणि बहुतेक डिश कठड्याजवळच असतात. सोबत एकाला घ्या.

पहिली चाचणी: बॉक्स आणि एखादा छोटा टीव्ही गच्चीच्या दाराशी न्या आणि नव्या दोन-चार मीटर केबलने बॉक्स थेट एलएनबीला जोडा. क्वालिटी एकदम वर गेली तर दोष खालच्या केबलमध्ये. तिथेही ४०-४५ दाखवत असेल तर दोष डिशच्या दिशेत किंवा एलएनबीत. ही एक चाचणी केली की निम्मी मेहनत वाचते.

डिशचा खांब उभा आहे का ते ओळंबा लावून बघा, दोन बाजूंनी. खांब कललेला असेल तर डिश आडवी फिरवताना तिचा उभा कोनही बदलत जातो आणि माणूस तासभर गोल गोल फिरत राहतो. आपल्याकडच्या डीटीएचचे उपग्रह पुण्याच्या रेखांशाच्या पूर्वेला आहेत, म्हणून सगळ्या डिश आग्नेयेकडे तोंड करून असतात, कुठली थोडी दक्षिणेकडे, कुठली थोडी पूर्वेकडे. उदाहरणार्थ डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ वर आहे तो ९३.५ अंश पूर्वेला. पुण्यातून तो उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच दिसतो. डिश मात्र तेवढी वर बघताना दिसणार नाही. ती ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे प्रत्यक्ष दिशेपेक्षा ती बरीच उभी वाटते. त्या रेषेत झाड किंवा पाण्याची टाकी येऊ नये. डिशपासून एक मीटरवर असलेली वस्तू डिशपेक्षा दीड मीटरहून उंच असेल तर आड येऊ लागते. गुलमोहराच्या फांद्या पावसाळ्यात भराभर वाढतात, त्याही बघा.

हलवण्याआधी खांबावर आणि पट्टीवर मार्करने आत्ताच्या जागेची खूण करा. मग नट पूर्ण सोडायचे नाहीत, डिश हाताच्या दाबाने जेमतेम हलेल इतकेच सैल करायचे. साधारण १० आणि १३ चा पाना लागतो. क्वालिटीची पट्टी समोर ठेवून एका वेळी एक-दोन मिलिमीटर हलवा आणि तीन-चार सेकंद थांबा, कारण बॉक्सची पट्टी उशिरा बदलते. घाईत लोक सर्वांत चांगल्या जागेवरून पुढे निघून जातात. आधी आडवी दिशा, मग उभी, मग एलएनबी पकडीत थोडा डावी-उजवीकडे फिरवून बघा. घट्ट करताना नट डिशला आपल्याकडे ओढतो, म्हणून दोन्ही बाजूचे आळीपाळीने, पाव-पाव फेऱ्यांनी आवळा आणि नजर पट्टीवरच ठेवा.

एलएनबीची टोपी उन्हाने ठिसूळ होऊन तडकते. आत पाणी गेलं किंवा गांधीलमाशीने मातीचं घर केलं तर क्वालिटी घसरते. तडा दिसला तर एलएनबी बदला. टोपीवर चिकटपट्टी लावून भागत नाही.

तांब्याची_तार:

ओळंबांनी डिशचं सगळं सांगितलं. केबलवर मी लिहितो, कारण या प्रश्नातला सर्वांत संशयास्पद भाग मला पॅसेजमधला तो जोड आणि भिंतीतली केबल वाटते.

बिल्डर भिंतीत जी टीव्हीची केबल टाकतो ती बऱ्याचदा आरजी-५९ जातीची, बारीक असते, जुन्या केबल टीव्हीच्या हिशेबाने. स्विचबोर्डातलं दाबून बसवायचं गोल टीव्ही सॉकेटही त्याच काळातलं. डिशकडून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झचा असतो. त्या सॉकेटला आणि त्या बारीक केबलला एवढ्या वरचं काम जमत नाही. शिवाय त्याच केबलमधून बॉक्स एलएनबीला वीज पाठवतो, १३ किंवा १८ व्होल्ट. १३ दिले की एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाचे, म्हणजे उभ्या थरथरणाऱ्या लाटांचे चॅनेल देतो, १८ दिले की आडव्या. गंजलेल्या जोडात, खराब सॉकेटमध्ये व्होल्ट पडले आणि १८ चे १५ च्या खाली गेले की एलएनबीला ते १३ वाटू लागतात. मग 'निम्मे चॅनेल दिसतात, निम्मे नाहीत' अशी तक्रार येते आणि लोक रिचार्ज तपासत बसतात.

उपाय सरळ आहे. भिंतीतली केबल आणि ते सॉकेट दोन्ही सोडून द्या. एलएनबीपासून बॉक्सपर्यंत अखंड आरजी-६, म्हणजे त्याहून जाड केबल, मध्ये एकही जोड नाही. चांगल्या आरजी-६ मध्ये २१५० मेगाहर्ट्‌झला १०० मीटरला सुमारे ३० डीबी (डेसिबल, सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) गळती होते, म्हणजे ३० मीटरला ९-१० डीबी. एलएनबी स्वतःच ५० डीबीहून जास्त वाढवून पाठवतो. त्यामुळे तुमच्या अंतराला अॅम्प्लिफायरची गरजच नाही. ५० मीटरच्या पुढे गेलात तर विचार करायचा आणि तेव्हाही तो वर, एलएनबीजवळ लावायचा.

केबल घेताना लोहचुंबक सोबत ठेवा. मधली तार चुंबकाला चिकटली तर आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा आहे. सिग्नलला ती चालते, पण विजेचा रोध जास्त असतो. लांब अंतराला आख्ख्या तांब्याचीच घ्या. बाहेरच्या जाळीला हात लावून बघा. विरळ जाळीतून खालचा फॉइल मोकळा दिसतो, दाट जाळीत दिसत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत दोन्ही मिळतात, मागताना स्पष्ट सांगा.

आता कनेक्टर. निम्म्याहून जास्त घरांत दोष इथे सापडतो. काम दहा मिनिटांचं आहे, पण नीट व्हायला हवं. बाहेरचं काळं आवरण साधारण १५ मिलिमीटर सोला. जाळी मागे उलटवून आवरणावर सारखी पसरा. पांढऱ्या फोमचे पुढचे ८ मिलिमीटर कापून तार उघडी करा. कापताना तारेवर ब्लेडचा ओरखडा पडू देऊ नका, तिथेच ती पुढे तुटते. मग कनेक्टर घुसवा, इतका की आत डोकावलं तर पांढरा फोम आतल्या पत्र्याच्या अगदी सपाटीला आलेला दिसेल. फोम मागे राहिला तर जोडातून लाट परत फिरते. तार कनेक्टरच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर पुढे हवी. त्याहून आखूड असली तर सॉकेटला पोचत नाही, लांब असली तर सॉकेटची पकड ताणते. आणि शेवटी उजेडात धरून बघा, जाळीचा एखादा केसासारखा तंतू मधल्या तारेला टेकलेला नसावा. तो एक तंतू टेकला की शॉर्ट. स्ट्रेंग्थ शून्य.

पिळून बसवायचे कनेक्टर टाळा. दाबून बसवायचे, ज्यांना कॉम्प्रेशन म्हणतात, ते वापरा. त्याचं हत्यार ओळखीच्या तंत्रज्ञाकडून तासाभरासाठी मिळतं. बाहेरच्या जोडावर ११ चा पाना लावून हाताने घट्ट झाल्यावर आणखी एक अष्टमांश फेरी द्या, जास्त नको.

पाण्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. साधी काळी चिकटपट्टी उन्हात महिनाभरात सुटते आणि मग तीच पाणी धरून ठेवते. स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती ताणून गुंडाळा. आणि एलएनबीखाली केबलला एक झोळ द्या, कनेक्टरच्या पातळीखाली जाऊन मग वर येणारा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं. झोळ नसेल तर पाणी जाळीतून केशिकेसारखं ओढलं जातं आणि मीटरभर आतपर्यंत जाळी हिरवी पडते. अशी केबल कापल्यावर तांब्यावर हिरवट भुकटी दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. त्या टोकावर नवा कनेक्टर लावून काही उपयोग नाही.

केबल_नेटवर्क_पुणे:

ज्यांच्याकडे डिश नाही, केबल आहे, त्यांच्यासाठी थोडं. पुण्यात २०१३ पासून केबलही डिजिटल आहे, त्यामुळे ओळंबांचा 'फुटतं, पुसट होत नाही' हा नियम इथेही लागू. फरक एवढा की इथे सिग्नल जास्त झाला तरीही चौकोन पडतात. बॉक्सच्या तोंडाशी साधारण ५० ते ७० डीबी मायक्रोव्होल्ट चांगले. शेजारच्याच खांबावर अॅम्प्लिफायर असेल तर आकडा त्याच्या वर जातो, तिथे अॅटेन्युएटर लावून कमी करावा लागतो.

दुफाटा स्प्लिटर प्रत्येक फाट्याला साडेतीन-चार डीबी खातो, चौफाटा सात-आठ. वापरात नसलेलं तोंड उघडं ठेवू नका, ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा, नाहीतर लाट परत फिरून एखाद-दुसऱ्या चॅनेलला त्रास देते. ठरावीक दोन-तीन चॅनेलच फुटत असतील आणि मोबाइल टीव्हीजवळ ठेवल्यावर जास्त फुटत असतील, तर केबलची जाळी विरळ आहे किंवा कनेक्टर सैल आहे. केबल टीव्हीच्या वरच्या फ्रिक्वेन्सी आणि मोबाइलच्या ७००-८०० मेगाहर्ट्‌झच्या लाटा एकमेकींवर येतात. आणि संपूर्ण मजल्यावर एकदम होत असेल तर घरात काही उघडू नका, तो खांबावरचा किंवा नोडचा, म्हणजे भागातल्या वाटप-पेटीचा, मामला आहे.

हा स्प्लिटर डिशला मात्र लावू नये. तो १००० मेगाहर्ट्‌झच्या आसपास संपतो. दुसरा बॉक्स हवा असेल तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दुसरी स्वतंत्र केबल.

हॉलमधली_खिडकी:

खूप आभार. डिश आणि केबलचं कळलं. एचडीएमआय आणि पुसट एसडीबद्दल कोणी सांगेल का? मोठा खर्च तिथेच सुचवला जातोय.

पिक्सेल_मोजणारी:

तिथेच खर्च वाचवा.

एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. तुमच्या फोर-के पडद्यावर ८२,९४,४००. भागून बघा, बरोबर २० पट. चित्रातल्या एका ठिपक्यापासून टीव्हीला वीस ठिपके तयार करायचे आहेत. वर, एसडी चॅनेल जागा वाचवण्यासाठी खूप दाबून पाठवले जातात, म्हणून अक्षरांभोवती डास घोंघावल्यासारखा फिसकटा दिसतो. ३२ इंची पडद्यावर हे सगळं बारीक होतं म्हणून लपत होतं. कोणतीही केबल, कोणताही अॅम्प्लिफायर नसलेले ठिपके आणू शकत नाही. आवडीच्या दोन-चार वाहिन्यांची एचडी आवृत्ती घ्या, तिथे हे गुणोत्तर २० वरून ४ वर येतं.

तरीही दोन गोष्टी तपासा. सेटटॉप बॉक्सच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आउटपुट ५७६ वर राहिलेला आहे का? जुन्या टीव्हीसोबत तो तसा ठेवलेला असू शकतो. तसं असेल तर एचडी चॅनेलसुद्धा एसडी होऊन बाहेर पडतो. १०८०आय किंवा १०८०पी करा. आणि बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडलेला असेल तर ती आजच काढा, पिवळ्या वायरमधून एचडी जातच नाही. (कुणाला त्या वायरने रंगच न येता काळं-पांढरं चित्र दिसत असेल, तर पिवळी पिन बहुधा हिरव्या भोकात आहे आणि टीव्हीने ते वेगळ्या प्रकारचं जोडकाम धरलंय.)

टीव्हीतला 'व्हिव्हिड' मोड बंद करून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. शार्पनेस पूर्ण शून्यावर नेऊन दोन-तीन पायऱ्याच वर आणा. शार्पनेस वाढवला की फिसकटाच धारदार होतो, अक्षरं नाही. एसडीसाठी डिजिटल नॉइज रिडक्शन मध्यम ठेवलं तर फायदा होतो. एचडीला ते बंद.

आता एचडीएमआय. सेटटॉप बॉक्सच्या १०८०आय चित्राला सेकंदाला सुमारे २.२ गिगाबिट लागतात. तुमच्या स्ट्रीमिंग बॉक्सचं फोर-के, ६० फ्रेमचं चित्र सुमारे १८ गिगाबिट मागतं. आठपट. त्यामुळे डीटीएचला वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली केबल फोर-केला कमी पडू शकते, आणि कमी पडली की नेमकं तुम्ही सांगता तेच होतं: पांढऱ्या टिकल्या चमकतात, मग टीव्ही आणि बॉक्स यांची जुळणी तुटते, दोन-तीन सेकंद काळं, पुन्हा जुळणी. रंग फिके किंवा चित्र मऊ होणं हे एचडीएमआय केबलचं लक्षण नव्हेच. म्हणून 'सोन्याच्या मुलाम्याने रंग खुलतात' यात तथ्य नाही.

घ्यायची ती 'प्रीमियम हाय स्पीड' खूण असलेली, जी १८ गिगाबिटसाठी तपासलेली असते. पाकिटावर स्कॅन करता येणारं लेबल असतं. ४८ गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड' घेतलीत तरी चालेल, पण तुमच्या कामाला पहिली पुरते. लांबी दीड-दोन मीटर पुरे. केबल टीव्हीमागे काटकोनात दुमडलेली नको.

नवी केबल आणायच्या आधी फुकटातली चाचणी करा. स्ट्रीमिंग बॉक्सचं आउटपुट तात्पुरतं १०८०पी करा. ठिपके गेले तर बहुधा केबलच कमी पडते. नाही गेले तर टीव्हीचं दुसरं एचडीएमआय तोंड वापरून बघा. नव्या केबलनंतर टीव्हीत त्या तोंडासाठी पूर्ण क्षमता चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'एचडीएमआय डीप कलर', सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटखाली 'एन्हान्स्ड'.

स्ट्रीमिंगचा नियम ओळंबांच्या नियमापेक्षा उलटा आहे. इथे इंटरनेट कमी पडलं की चित्र फुटत नाही, पुसट होतं, कारण ॲप आपोआप हलकी आवृत्ती मागवतं. फोर-केला १५ ते २५ एमबीपीएस हातात ठेवा. पुसट दिसलं तर राउटर बघा, ठिपके दिसले तर केबल.

ओळंबा:

सगळं बरोबर. एक भर, जिवाची आणि यंत्राची. डिशची किंवा केबलची वायर हातात धरली की कधीकधी झिणझिण्या येतात आणि टेस्टर लागतो. बॉक्सच्या आणि टीव्हीच्या पुरवठ्यातून हलकी गळती होते आणि अर्थिंगला वाट मिळाली नाही की ती सांध्यावर जमते. अशा वेळी चालू अवस्थेत एचडीएमआय खुपसलं की तोंड जळू शकतं. दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढा, मग जोडा. झिणझिण्या जोरात असतील तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. एप्रिल-मेमध्ये वळवाचा कडकडाट सुरू झाला की नुसता स्विच बंद करून भागत नाही, डिशची केबलही बॉक्सपासून सोडवा.

हॉलमधली_खिडकी:

दोन रविवार गेले, पण झालं. आकडे देते, कुणाला उपयोग होईल.

अॅम्प्लिफायर काढल्यावर स्ट्रेंग्थ ८८ वरून ७१, क्वालिटी ४१ वरून ४४. गच्चीवर छोट्या केबलने क्वालिटी ५२, म्हणजे दोष दोन्हीकडे होता. खांब ओळंब्याला कललेला निघाला, तो सरळ करून डिश जुळवल्यावर तिथेच ७६. पॅसेजमधल्या जोडाची पट्टी काढली तर आत पाणी आणि जाळी हिरवी. आता अखंड नवी आरजी-६, हॉलमध्ये स्ट्रेंग्थ ७४, क्वालिटी ७३. परवा संध्याकाळी चांगला पाऊस होता, क्वालिटी ५८ पर्यंत उतरली, चित्र एकदाही फुटलं नाही.

सेटटॉप बॉक्स खरंच ५७६ वर होता. १०८०आय केल्यावर एचडीतल्या बातम्यांची पट्टी लख्ख वाचता येते. एचडीएमआय बदलली, ठिपके गेले. एसडी पुसट आहे तसं आहे, तीन वाहिन्या एचडीत घेतल्या.

एकच राहिलं. काल सकाळी साडेअकराच्या सुमाराला ऊन असताना सगळे चॅनेल पाचेक मिनिटं गेले आणि आपोआप आले. पुन्हा डिश सरकली का?

ओळंबा:

नाही, काही हलवू नका. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे. या दिवसांत आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य रोज काही मिनिटं पुण्यातून बघितल्यावर बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचा गोंगाट डिशमध्ये थेट शिरतो. आपले उपग्रह पूर्वेकडे, म्हणून वेळ अकरा-बाराची. चार-पाच दिवस असंच होईल, रोज थोडं कमी-जास्त, आणि मग थांबेल. उद्या त्याच वेळी गच्चीवर जाऊन बघा, उन्हाचा कवडसा एलएनबीच्या टोपीवर गोळा झालेला असेल. कवडसा अगदी टोपीवरच असेल तर डिश नेमकी जुळली आहे याची तीच खात्री.